फोग्टांची पत्र्याची पट्टी

थांबा जरा, संग्रहालय काही पळून जात नाही. बसा या बाकावर. एल्फ्रीडेची गोष्ट सांगतो, मग जा. आत गेल्यावर कुठल्या काचेपुढे थांबायचं ते तरी कळेल.

तर एल्फ्रीडे त्या काचेवर काठी आपटत होती.

"एगोन, इकडे ये."

एगोन तिचा धाकटा भाऊ. जन्मभर कोळशाच्या खाणीत ते घराएवढं यंत्र चालवलं त्यानं. आता खाणवाल्यांचा काळा कोट चढवून संग्रहालयात उभा राहतो आणि लाइपझिगहून आलेल्या शाळेच्या पोरांना गप्पा सांगतो. पोरांना तसंच सोडून तो आला.

"ओरडू नकोस. लोक आहेत."

"हे काय आहे?"

काचेत बोटभर लांबीची पत्र्याची पट्टी. खाली टोक, वर खिळ्यानं भोकं पाडून लिहिलेलं नाव, फोग्ट. शेजारी पांढरं कार्ड: एगोन फोग्ट यांची भेट.

आता हे सांगायला हवं. आमच्या ग्राबिट्झ गावात घरोघरी मोठी भट्टी नव्हती. नाताळाआधी ज्यानं त्यानं आपली कणीक मळायची, लोणी, मनुका, बदाम घालताना हात आखडायचा नाही, आणि हातगाडीवरून बेकरीत न्यायची. भाजून निघाले की सगळे श्टोलन, म्हणजे आमचे नाताळचे गोड पाव, सारखेच, दुपट्यात गुंडाळलेल्या बाळांसारखे. म्हणून प्रत्येकानं आपल्या नावाची पट्टी खोचायची. घरी नेताना बायका जीव मुठीत धरून चालायच्या. वाटेत श्टोलन मोडला तर वर्षाच्या आत घरातलं माणूस जातं, असं आमच्याकडे मानतात. हसा खुशाल.

मग गाव गेलं. या समोरच्या तळ्यात बुडालं नाही हो. होडीतले लोक वाकून वाकून चर्चचा मनोरा शोधतात, बघून डोकं फिरतं माझं. गाव खणून उचललं, कोळशासाठी, चर्चसकट. पाणी मागाहून सोडलं खड्ड्यात. एल्फ्रीडेकडे राहिली ती आईची पट्टी. शहरातल्या भाड्याच्या घरात, एकच श्टोलन भाजायचा असला तरी ती पट्टी खोचायचीच.

तीन वर्षांमागे पट्टी खणातून नाहीशी झाली. म्हातारीनं घर पालथं घातलं आणि सुनेवर, केर्स्टिनवर, उखडली. "तूच टाकलीस कचऱ्यात. जुनं दिसलं की तुझे हात शिवशिवतात." केर्स्टिननं कोट उचलला, नातीला उचललं, ती परत आली नाही. मुलगा एकटाच यायचा आणि कॉफी अर्धी टाकून उठायचा.

"माझ्या खणातून नेलीस," एल्फ्रीडे म्हणाली.

"आईची होती. माझी कोणी नव्हती का आई?"

"मी केर्स्टिनला नाही नाही ते बोलले, तेव्हा तू समोर बसला होतास. केक खात होतास."

एगोन खाली बघायला लागला. "तू एवढी भडकली होतीस. म्हटलं, शांत झालीस की सांगू."

"तीन वर्षं?"

"तू शांत झालीस कधी?"

ती हसली नाही. मग तोही चिडला. "तू गेल्यावर भंगारात गेली असती ती. इथं लोक बघतात तरी."

"बघून काय करतात? कणकेत कोण खोचतं? आधी गाव खणलंस, मग माझा खण."

"आणि तुझी शेगडी कशावर पेटायची गं? माझ्याच कोळशावर ना?"

एल्फ्रीडेनं पुन्हा काचेवर काठी हाणली. संग्रहालयाची बाई धावत आली. बिचारी भली होती. म्हणाली, दिलेली वस्तू मला परत देता येत नाही, पण कार्डावर तुमचंही नाव घालते.

"माझं नाव चोरीच्या मालावर नको," एल्फ्रीडे म्हणाली आणि काठी टेकत निघाली.

घरी गेली नाही. तडक ट्राम धरून केर्स्टिनचं दार गाठलं. केर्स्टिननं दार उघडलं, पण उंबऱ्यातून हलली नाही.

"पट्टी सापडली. एगोननं नेली होती."

"बरं. म्हणजे चोर सापडला म्हणून सांगायला आलात."

"नाही. मी चुकले, हे सांगायला आले."

"पोरगी शाळेत जायला लागली, आई. पहिल्या दिवसाच्या फोटोत तुम्ही नाही. आता कुठून आणू तुम्हाला त्यात?"

एल्फ्रीडे उभी राहिली. आत या असं कोणी म्हणालं नाही. दारही लागलं नाही. बऱ्याच वेळानं ती जिना उतरली.

मागच्या आठवड्यात तिनं कणीक मळायला घेतली, तर बेल वाजली. दारात केर्स्टिन. कोटही न काढता तिनं टेबलावर काहीतरी टाकलं. कोकोच्या डब्याचा पत्रा कापून केलेली पट्टी होती, भोकं वेडीवाकडी. नाव फोग्ट नव्हतं. केर्स्टिन होतं.

"ही माझी. हरवली तर मला विचारा, मग बोंबला."

म्हातारीनं कणकेवर पीठ भुरभुरलं, पट्टी खोचली आणि पाठमोरी होऊन ओव्हनचं दार उगाच जास्त वेळ धरून उभी राहिली.

त्या दिवशी एक छोटा श्टोलनही भाजला तिनं. बिनपट्टीचा. काल माझ्या हातात आदळला. म्हणाली, "कावळ्यांना घाल, नाहीतर त्या काळ्या कोटवाल्याला दे. माझं नाव काढायचं नाही." भावाशी ती बोलत नाही अजून, आणि मला नाही वाटत बोलेल.

माझे गुडघे काही हा चढ चढत नाहीत. तुम्ही तिकडेच निघालात ना? मग हे पुडकं घ्या, एगोनला द्या. कोणी दिलं म्हणून विचारणार नाही तो, एक घास खाल्ला की कळेल त्याला. फक्त दोन्ही हातांनी धरा, आणि वाटेत मोडू देऊ नका.