डब्यात जपलेली निळी काच

मी बोलतेय ती नखाएवढी निळी काच. उन्हापासून वीज करायला मला घडवलं, आणि ऊनच तेवढं माझ्या वाट्याला आलं नाही.

जळगावच्या कॉलेजात इंदिराबाई पदार्थविज्ञान शिकवायच्या. त्यांनीच काचेवर सेंद्रिय रंगाचा पातळ थर दिला, वर धातूचा मुलामा चढवला, तारा जोडल्या. असले सौरघट स्वस्त पडतात, पण ऊन, हवा आणि ओल त्यांना लवकर खाते. कडा नीट बंद केल्या तर खानदेशातला एक उन्हाळा तरी ते काढतील का, हा बाईंचा ध्यास होता.

माझ्या बहिणी गच्चीवर गेल्या. मला काळ्या डब्यात ठेवलं. अधूनमधून बाई मला दिव्याखाली धरायच्या, मीटरचा काटा हलायचा, की झाकण बंद. तेवढंच माझं जगणं.

वैशाखात शिपाई झुलालभाऊ गच्चीवरून फिक्या पडलेल्या सगळ्याच्या सगळ्या काचा घेऊन आले.

“बठ्ठ्या मरी गयात, बाई. आते हाई एकलीच शे. तिले बी जरा ऊन दखाडा ना.”

“नको, झुलालभाऊ. ती सावलीतलीच राहू द्या. तिच्याशीच तर बाकीच्या ताडून पाहायच्यात.”

ताडून झालं, तरी मी डब्यातच. पुढे बाई धुळ्याच्या कॉलेजात गेल्या. तिथे ना साहित्य, ना कुणाला हौस. प्रयोग थांबला. कधी कुणी विचारलंच तर डब्यावर हात ठेवून म्हणायच्या, “एक अजून चांगली आहे.” संध्याकाळी खोलीत एकट्या जेवायच्या आणि मी कपाटातून भांड्यांचा आवाज ऐकायची. फार वाटायचं सांगावं, बाई, जपू नका, वापरा मला.

आज त्यांनी मीटर आणला आणि मला खिडकीत ठेवलं. पहिल्यांदाच अंगभर ऊन लागलं. काटा मात्र हलला नाही. झाकणाच्या फटीतून इतकी वर्षं हवा येतच होती.

बाईंनी तारा पुन्हा जोडल्या. मग मीटर बाजूला सारून खुर्ची ओढली आणि माझ्याशेजारी बसल्या.

“तुला तेव्हाच गच्चीवर न्यायला हवं होतं गं.”

बाई, पुन्हा काचा केल्यात तर एक सावलीत ठेवावी लागेल, ते मला कळतं. पण तिचं काम झालं की तिला उन्हात सोडा. आणि आज दिवस मावळेपर्यंत मला इथेच असू द्या. वीज देता येत नाही, पण ऊन कळतंय.