उडत्या सरड्याची अंडी

दयाराम गुरुजी तसे बोलघेवडे, पण त्या आठवड्यात त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. सोनाळ्यात अर्जुनरावांची विहीर खणताना वीस हातांवर सात लांबट गोटे निघाले. एक फुटला, तर आत काडीएवढी पोकळ हाडं, आणि त्यातलं एक बोट बाकीच्यांच्या चौपट लांब! असलं बोट गुरुजींनी पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं, कधीच्या काळी नामशेष झालेल्या पंखवाल्या सरड्याचं. ते सरडे अंडी घालत की पिलं, हे जगात कुणालाच ठाऊक नाही, असंही त्या पुस्तकात होतं. आणि उत्तर गुरुजींच्या उपरण्यात बांधलेलं! आनंदानं बिचाऱ्याला जेवण जाईना.

गोटे ठिसूळ, एस.टी.च्या हादऱ्यांनी भुगा व्हायचा. म्हणून पोत्यात घालून शाळेच्या कोपऱ्यात ठेवले आणि नुसतं चित्र काढून गुरुजी नागपूरला गेले. तिथल्या कॉलेजातले जीवाश्मांचे प्रोफेसर दौऱ्यावर. सहा दिवस वाट पाहिली. भेटल्यावर ते आधी हसले, मग चित्र पाहून उभेच राहिले.

"एक तरी अंडं आणा, गुरुजी. नुसत्या चित्रावर कोण विश्वास ठेवणार?"

गुरुजी परतले तर शाळा पांढरीशुभ्र, कोपरा रिकामा.

"माझं पोतं कुठाय?"

"भट्टीत घातलं नं," चुना भाजणारा भाऊराव म्हणाला. "इन्स्पेक्टर येनार, घरटी दोन गोटे चुनखडी आना, हे तुमीच तं पोरायले सांगतलं होतं. मले वाटलं, हे तुमच्या घरचे. लय पांढरा चुना निंगाला, गुरुजी!"

सांगितलं होतं खरं. दोष द्यायचा कुणाला? आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा! गुरुजींनी भट्टीतली राख उकरली, उरल्यासुरल्या कळीच्या चुन्यानं हात पोळले, हाडाची एक काडी मिळाली नाही.

मग ते विहिरीकडे धावले. तळाशी अजून एखादं असेल. पण काठावर सगळा गाव जमलेला. सकाळीच झरा फुटला होता, पुरुषभर पाणी चढलं होतं. तीन उन्हाळे दोन कोसांवरून घागरी वाहणाऱ्या बाया ओंजळीनं पाणी उडवत होत्या. हे पाणी उपसा, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

अर्जुनरावांनी हातावर गूळ ठेवला. गुरुजी तिथेच मटकन बसले आणि लेकरासारखे रडले.

"पाहा बे," अर्जुनराव गहिवरून लोकांना म्हणाले, "आमच्या विहिरीले पानी लागलं, तं गुरुजीच्या डोयाले पानी आलं. याले म्हंतेत आपला मानूस!"