ठकीला कोण सांगणार?

मी एक जुनी लाकडी ठकी आहे, मित्रांनो, आणि माझ्या पाठीमागे कुणी कुजबुजलेलं मला अजिबात खपत नाही. का ते सांगते.

कसबा पेठेतल्या नियाजचाचांनी मला घडवलं. रंग इतका हात राखून दिला, की माझा एक डोळा बारीकच राहिला. असो! कुणा मुलीच्या भातुकलीत जाईन असं वाटलं होतं. पण मला नेलं पद्मजाताईंनी, कोथरूडच्या त्यांच्या संस्थेत. दुसऱ्याच्या मनातलं कोणत्या वयात किती कळतं, ते त्या मोजत. चार वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना एकच खेळ.

मी लाल डब्यात लाडू ठेवायचा. मग मला दाराबाहेर न्यायचं. तेवढ्यात ताई तो निळ्या डब्यात हलवणार. मला आत आणून समोरच्याला विचारणार, "ठकी लाडू कुठे शोधेल?" धाकटी पोरं निळा डबा दाखवत, त्यांना जे माहीत ते मलाही माहीत, असं त्यांना वाटे. मोठी मुलं लाल डबा दाखवत आणि फिदीफिदी हसत. ते हसू मला कपाटात अजून ऐकू येतं, खोलीत कुणी नसलं तरी.

एकदा शालूताई आपल्या आईला, मथुराबाईंना, घेऊन आल्या. धायरीचं त्यांचं घर पाडून तिथे सोसायटी झाली होती आणि मायलेकी कोथरूडला राहायला आल्या होत्या. तरी मथुराबाई रोज बस पकडून धायरीला जात आणि सोसायटीच्या फाटकाशी बसून राहत.

"डोकं ठिकाणावर आहे का, तेवढं बघा," शालूताई म्हणाल्या. आई पाणी प्यायला बाहेर गेल्यावर त्यांनी आवाज उतरवला. "माझा भाऊ भैरू घर पाडायच्या आधीच ट्रकवर निघून गेला होता, कधी फोनही नाही. दिवाळीआधी अपघातात गेला. आईला सांगितलेलं नाही. खचेल ती."

मी टेबलावर होते. पहिल्यांदाच मी आत होते आणि दुसरंच कुणी बाहेर. मला फार भीती वाटली.

मग खेळ झाला. मथुराबाईंनी चटकन लाल डबा दाखवला.

"तिथंच बघनार की! बिचारीला कोन सांगनार, हलवला म्हून?"

"बरोबर," पद्मजाताई म्हणाल्या. "मग आजी, तुम्ही रोज धायरीला का जाता?"

"अवं, भैरू गेला तवा घर तिथं हुतं. त्यो तिथंच हुडकत यील. कुनीतरी नगं का त्याला सांगाया?"

शालूताईंनी मान खाली घातली. मथुराबाईंनी मला उचललं आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

"लाडू निळ्यात हाय गं बाई. उगा दमू नगंस."

इतक्या वर्षांत हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मला भरून आलं. शालूताईंना तर आवरेना.

"आई, भैरूदादा नाही गं येणार. गेला तो. दिवाळीआधीच."

मथुराबाईंनी मला टेबलावर ठेवलं.

"तुला ठावं हुतं?"

"हो."

"आन् मला उन्हात बसू दिलंस?"

शालूताई वाईट नव्हत्या हो. आईला जपायलाच गेल्या होत्या. पण मित्रांनो, घरात एकालाच माहीत नसेल, तर त्याला जवळ बसवा आणि सांगा. रडेल, रडू द्या. गेलेल्या माणसाची वाट बघायला त्याला एकटं सोडू नका.