कागद काचेपेक्षा मोठा आहे

"कापलं बघा ह्यानं पुन्हा शेपूट! खातो की काय, कोण जाणे."

हे माझ्याबद्दल चाललेलं असतं, मित्रांनो. माझ्या झाकणावर थाप मारून असं म्हणणारा दादा मुलांच्या मासिकाची पानं लावतो, आणि शेपूट गोष्टीतल्या माकडाचं असतं. मी एक जुना प्रिंटर आहे. छापतो, नकला काढतो आणि कागदावरचं चित्र स्कॅन करून संगणकात पाठवतो. कामं तीन, पगार शून्य. मी नवा होतो तेव्हा संपादकबाई माझी काच स्वतःच्या रुमालाने पुसत. आता माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात. माया अशी कपाकपाने आटते.

गोष्टींची चित्रं काढतात त्या मावशी. कोणाच्या मावशी, ते कोणालाच ठाऊक नाही, सगळ्यांच्याच. पूर्वी त्यांचा कागद माझ्या काचेवर डब्याला झाकण बसावं तसा बसायचा. रेघ केसासारखी. मुंगी काढली तर तिच्या पायांचे सांधेसुद्धा दिसायचे. तेव्हा सगळे म्हणत, "काय सुरेख स्कॅन करतो हा!" मला उगीच वाटे, कौतुक माझंच आहे.

मग कागद वाढू लागले. आधी कॅलेंडरची पाठकोरी पानं आली. मग गुंडाळ्या आल्या, सोडल्या की पुन्हा गुंडाळून बसणाऱ्या. मग फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा. रेघ सुतळीएवढी जाड झाली.

"मावशींची नवी शैली," बाई म्हणाल्या.

"मुलांना ठसठशीतच आवडतं," दादा म्हणाला.

दोघं बोलत होते, पण एकमेकांकडे बघत नव्हते.

आणि खापर माझ्यावर! मित्रांनो, माझी काच वाढत नाही हो. पुठ्ठा ठेवला की झाकण बसत नाही, फटीतून ट्यूबलाइटचा उजेड शिरतो आणि चित्राच्या कडेला मळकट पट्टा उमटतो. अर्धं अर्धं स्कॅन करून जोडावं, तर हत्तीला दोन बेंब्या. गुंडाळीचा कागद वरच्या खाचेतून घातला, तर तो माझ्या घशात अडकतो; मग दादा तो उपसून काढतो आणि कागदाच्या आधी माझा जीव जातो. मला बोलता येत नाही. छोट्या पडद्यावर एवढंच लिहिता येतं, 'कागद काचेपेक्षा मोठा आहे.' ते मी जिवाच्या आकांताने लिहीत राहिलो. कागद आधी बोटभर मोठा होता, मग वीतभर. मोजणारा मीच ना! पण जो येई तो 'ठीक आहे'चं बटण दाबून मोकळा होई.

आज अंक छापखान्यात जायचा होता. मुखपृष्ठाचं चित्र घेऊन मावशी स्वतः आल्या, दाराची चौकट धरत, आणि खुर्चीची पाठ चाचपून बसल्या. पुठ्ठ्यावर मांजर होतं. पुठ्ठा माझ्यापेक्षा मोठा.

बाई दादाला हळूच म्हणाल्या, "हे नीट आलं नाही, तर जुनंच चित्र टाक. आणि पुढच्या अंकापासून... बघू."

त्या 'बघू'मध्ये मावशींचं काम जाणार होतं. हे मला कळलं, आणि मी घाबरलो.

दादाने पुठ्ठा उभा ठेवला, आडवा ठेवला, वर जाडजूड शब्दकोश दाबला. अजून थोडं, अजून थोडं करत मी माझा दिवा काचेच्या टोकावर आदळला. कर्रकन आवाज झाला. तरी मांजराचे कान राहिलेच.

"मावशी, मांजराचे कान कापले ह्यानं. ह्याच्यात आता दम नाही," दादा म्हणाला. "मशीनच बदलायला हवं."

"बदला बाबा एकदाचं. माझ्या मांजराला बहिरं करून टाकलं ह्यानं!"

सगळे हसले. फार मोठ्याने हसले.

मित्रांनो, यंत्रांना जपा, त्यांच्या काचा पुसा, डोक्यावर कप ठेवू नका. पण त्याहून एक विनवणी आहे. कोणी पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत असेल, तर बटण दाबण्याआधी ती एकदा वाचा. मला खरंच दुसरं काही सांगता येत नव्हतं.

दादाने पुठ्ठा उचलला आणि त्या घाईत त्याचा कोपरा माझ्या बटणावर पडला. मी उघड्या झाकणाने रिकामी काच स्कॅन केली. संगणकाच्या पडद्यावर नुसता काळोख आला.

माझी घरघर थांबली तशा मावशी पडद्याकडे वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"हं, आता कसं छान आलंय," त्या म्हणाल्या. "रंगही खुलले."

पुठ्ठा हातात धरून दादा उभाच राहिला. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या मावशींच्या खुर्चीपाशी जाऊन बसल्या, त्यांचा हात हातात घेतला.

"मावशी," बाई म्हणाल्या, "तुम्हाला दिसत नाही. आणि आम्हाला ते केव्हाचं माहीत आहे."