बोगद्यातल्या काळ्या काचा

मी चष्मा बोलतोय. नाकावर बसून पेपर वाचणारा नव्हे हं, सायकलवाल्यांचा, पळणाऱ्यांचा चष्मा. फ्रेम एकच, पण काचांच्या जोड्या तीन: उन्हाला काळी, धुक्याला पिवळी, अंधाराला साधी. कडेला अंगठा दाबला की एक निघते, दुसरी टक्कन बसते. अर्ध्या मिनिटाचं काम. दुकानात होतो तेव्हा मला याचा कोण तोरा होता!

माझा मालक लेकीला सायकलच्या शर्यतींसाठी तयार करायचा. ती पुढे, हा मागे आपल्या सायकलवर, गळ्यात शिट्टी, मनगटावर घड्याळ. माणूस शिस्तीचा. बोगद्याआधी थांबायचं, काचा बदलायच्या, मगच आत शिरायचं, हा नियम त्यानेच घातलेला. लेक वैतागायची. "बाबा, तुमच्या चष्म्यापायी माझी वेळ बिघडते!" तरी तो थांबायचाच.

निवड चाचणीला आठ दिवस उरले होते. त्या सकाळी लेक कधी नव्हे ती वेगात होती. बोगदा आला. बाहेर लख्ख ऊन, माझ्यात काळ्या काचा. मालकाने घड्याळ पाहिलं आणि ओरडला, "थांबू नकोस, आज जमतंय, चल!" आम्ही तसेच आत घुसलो.

आत काही म्हणजे काही दिसेना. पुढे पाणी साचलं होतं, म्हणून लेकीने वेग कमी केला. आम्ही तिच्यावर जाऊन आदळलो. ती रस्त्यात फेकली गेली, आणि मागून येणाऱ्या व्हॅनचं चाक तिच्या पायावरून गेलं.

मालक रडत होता. खरंच रडत होता, त्यात खोट नाही. लोक धावले, लेकीला उचलू लागले. तेवढ्यात त्याने भिंतीकडे तोंड करून मला डोळ्यांवरून काढलं, आणि सराईत बोटांनी काळ्या काचा काढून साध्या बसवल्या. त्या बोटांची मला आजही शिसारी येते.

"पुढची सायकल दिसली नाही का हो?" पोलिसाने विचारलं.

"दिसली. आज साध्याच काचा लावून निघालो होतो. पण ब्रेकच लागले नाहीत."

ब्रेक आदल्याच दिवशी आमच्या नेहमीच्या सायकल मेकॅनिकने बसवून दिले होते. सगळं खापर त्याच्यावर फुटलं. पोलिसांनी जबाब लिहून घेतला, आणि चार दिवसांत मालकाने आपली सायकल भंगारात घातली. तपासायला काही उरलंच नाही. लेकीचा पाय मात्र गुडघ्याखालून कापावा लागला.

काल तो मेकॅनिक घरी आला. मी टीव्हीशेजारच्या फळीवर धूळ खात पडलो होतो. दुकान बंद केलं म्हणाला, आता कुणाच्या सायकलीला हात लावायचा धीर होत नाही. "शंभरदा आठवून पाहिलं. वायर आवळलीच होती मी. पण माझंच चुकलं असणार, हे कशाला खोटं बोलतील? पोरी, मला माफ कर."

लेक कुबडी सावरत उभी राहिली. "काका, तुमच्या भरवशावर होतो आम्ही. पुन्हा तोंड दाखवू नका."

मालक पाण्याचा ग्लास घेऊन आला. मला वाटलं, आता तरी बोलेल. अरे बोल ना, बाबा! त्याने मेकॅनिकच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ द्या हो. मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय."

मेकॅनिक त्याचा हात धरून हमसून हमसून रडला.

माझा आवाज त्या घरात कुणालाच ऐकू जात नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. तो मेकॅनिक कुठे भेटला, तर त्याला एवढंच सांगा: दादा, त्या दिवशी ब्रेक कुणी दाबलेच नव्हते.