चौकटीचं टोक

"मॅडम, डोळ्याचं पातं लवायच्या आत जे मोडून जातं, त्याचा आकार तुम्हाला कळतो तरी कसा?"

शिल्पानं पैज लावली, म्हणून कहकशां उठली होती. लातूरच्या त्या डॉक्टरकीच्या 'नीट'च्या शिकवणीत, परीक्षेत येणार नाही असलं विचारायची कुणाची छाती नव्हती. पण आज पाहुण्या आल्या होत्या, अहमदपूरच्या विशाखा मॅडम. अणूच्या केंद्रकांवर प्रयोग करणाऱ्या.

"दिसत नाहीच गं ते केंद्रक," मॅडम म्हणाल्या. "मोडायच्या आधी गॅमा किरण टाकतं. चहूबाजूंनी उपकरणं लावून ते धरायचे. त्यांच्या ऊर्जेवरून ओळखायचं, चेंडूसारखं गोल आहे का लांबट."

"बस की आता," शिल्पानं ओढणी ओढली. "समोसा तुझा!"

कहकशां बसली नाही. "आणि चुकलं तर?"

सगळ्या वर्गानं वळून पाहिलं. तिथं चूक म्हणजे एक मार्क वजा, दुसरा अर्थच नाही.

मॅडमनी फळ्यावर किरणांच्या आलेखाची वेडीवाकडी रेघ काढली, मधोमध उंच टोक. "ह्या टोकावरून मी दोन वर्षं सांगत फिरले, केंद्रक लांबट आहे. मग एकदा नमुना काढून, तो बसवायची नुसती रिकामी चौकट कणांच्या माऱ्यापुढं ठेवली. तरी टोक तिथंच! ते चौकटीच्या ॲल्युमिनियमचं होतं."

"मग?"

"ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, त्यांना कळवलं. लई लाज वाटली. अन् पुन्हा मोजायला बसले."

कहकशां खाली बसली. चूक सांगूनही ही बाई ताठ उभी होती!

रविवारी उदगीरहून अब्बा-अम्मी डबा घेऊन आले. होस्टेलच्या आवारात, चटईवर बसता बसता अब्बा पाशामियाँ खुशीत म्हणाले, "दुकानात घड्याळ दुरुस्तीला कमी, तुझी खबर घ्यायलाच लोक येऊन राहिले. डॉक्टरनी कवा होणार म्हणून!"

कहकशांनं हातातला घास खाली ठेवला. हे डॉक्टरनीचं तिनंच दहावीत गल्लीभर सांगितलं होतं.

"काय झालं बेटा?" अम्मी बिलकीसनं पाठीवर हात ठेवला. "मार्क कमी पडले?"

"न्हाई अम्मी, मार्क चांगले हायेत."

अब्बांचं हसू अजून तसंच होतं. ती गप्प राहिली असती, तर मॅडमच्या त्या टोकासारखं आणखी दोन वर्षं तसंच राहिलं असतं. तिनं हात पुसला.

"अब्बा, मला डॉक्टर नाही व्हायचं. मी फिजिक्स शिकणार. गल्लीत मीच सांगते, तुम्ही कुणाला जवाब द्यायचा नाही."