एकशे बारा नोंदी

ताईच्या वहीत अठ्ठावीस दिवस होते. दिवसाला चार, म्हणजे एकूण ११२ नोंदी. त्यांतल्या ६१ आकड्यांच्या शेवटी शून्य होतं, ४५ आकड्यांच्या शेवटी पाच. उरलेल्या सहा नोंदींतच काय ते दोन, सात, आठ, नऊ असले अंक आले होते. रक्तातली साखर मोजली की शेवटचा अंक काहीही येऊ शकतो, त्यामुळे शून्य आणि पाच मिळून बावीस-तेवीस वेळा यायला हवेत. इथे ते १०६ वेळा आले होते.

ही मोजणी मी दवाखान्याच्या बाकावर बसून केली. ताई शेजारीच होती, पाणी पीत. मला कोणी करायला सांगितली नव्हती. वही हातात आली, आणि मी एम.एस्सी. करते, आकडे दिसले की माझं डोकं आपोआप चालू लागतं.

ताईला चौदाव्या वर्षापासून मधुमेह आहे, इन्सुलिनशिवाय न चालणारा. ती कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, त्यात प्लास्टर ओतायचं, मेणात दात बसवायचे, घासायचं, पॉलिश करायचं. जेवणाची वेळ कामावर अवलंबून. सकाळी टोचलेलं इन्सुलिन मात्र कामाची वाट बघत नाही. गेल्या वर्षभरात दोनदा साखर इतकी उतरली की तिच्या हातातली सुरी थरथरली. दुसऱ्या वेळी अंगठ्याला टाके पडले.

म्हणून पंप. काडेपेटीहून थोडं मोठं यंत्र कपड्यात अडकवायचं. बारीक नळीतून ते त्वचेखाली थेंबाथेंबाने इन्सुलिन सोडत राहतं, आणि जेवण लांबलं तर वेग कमी करता येतो. दवाखान्यातल्या सिस्टरनी काही लपवलं नव्हतं. पंप स्वतः विचार करत नाही, मोजायचं तुम्हालाच. दर तीन दिवसांनी नळीची जागा बदलायची. नळी तुंबली तर काही तासांत प्रकृती बिघडते, कारण शरीरात दुसरं इन्सुलिन शिल्लक नसतं. दवाखान्याला त्या तिमाहीत दोनच पंप मिळणार होते आणि जो नियमाने मोजतो त्यालाच ते द्यायचे होते. ताईचा ग्लुकोमीटर जुना, त्यांच्या संगणकाला जोडता येत नव्हता. म्हणून महिनाभराची वही.

घ्यावा की नाही, यावर ताई बरेच दिवस घुटमळत होती. नळीने बांधून घ्यायचं तिला जिवावर आलं होतं. चार दिवस तिने दवाखान्याने सवयीसाठी दिलेला, नुसतं मिठाचं पाणी भरलेला पंप लावून पाहिला. पहिल्याच दिवशी नळी टेबलाच्या ड्रॉवरच्या मुठीत अडकली. कामावरच्या लोकांनी तिला "चार्जिंगला लावलेली बाई" म्हणायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी तिने तिन्ही एप्रनना आतून, छातीपाशी, खिसे शिवले. त्यावरून तिचं ठरलं आहे हे मला समजायला हवं होतं.

आत गेल्यावर सिस्टर वही चाळू लागल्या. छान ठेवली आहे म्हणाल्या. आणि मी बोलले. अगदी शांतपणे, प्रयोगशाळेत सरांना सांगावं तसं.

"हे आकडे मोजलेले वाटत नाहीत. शेवटचे अंक बघा. मनाने लिहिले की असंच होतं."

मला वाटलं होतं मी ताईच्या भल्याचंच बोलते आहे. न मोजता पंप लावला तर जिवावर बेतेल, हे त्यांनीच तर आधी सांगितलं होतं. शिवाय, खरं सांगायचं तर, शोध लागल्याचा थोडा आनंदही होता.

सिस्टरनी ताईला विचारलं, मोजले होते ना? ताईने माझ्याकडे पाहिलं.

"हिला विचारा. आमच्या घरात हिलाच जास्त कळतं."

सिस्टरनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं. परतताना ताई भाजीबद्दल बोलली, पाण्याच्या गळक्या नळाबद्दल बोलली. पंपाबद्दल नाही. आठवड्याने फोन आला, या खेपेला नाही, वर्षभराने पुन्हा अर्ज करा.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी ग्लुकोमीटरची बॅटरी संपली. बदलायचं काम माझं. नवी घातल्यावर चालतो का बघायला मी बटण दाबलं आणि जुनी मोजमापं एकामागून एक पडद्यावर येऊ लागली. १४३. २०८. ६७. तारीख आणि वेळेसकट. मी वही शेजारी उघडली. ११२ पैकी ११२ नोंदी सापडल्या. १४३ ला वहीत १४५ होतं, २०८ ला २१०. सर्वांत मोठा फरक चारचा.

जे यंत्र आधी बघायचं ते मी शेवटी बघितलं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलीनेही अशी चूक केली असती तर मी हसले असते.

ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी ग्लुकोमीटर पुढे धरला. तिने वर पाहिलं नाही.

"प्लास्टर भिजवलं की पाच मिनिटांत घट्ट होतं," ती म्हणाली. "एक हात धुवायचा, टोचायचं, बघायचं, परत साचा धरायचा. लिहिणार कधी? संध्याकाळी आठवून लिहायचे. एकशे त्रेचाळीस कोण लक्षात ठेवतंय?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

तिने टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"तू मला विचारलं नव्हतंस. तू त्यांना सांगितलंस."

दुसऱ्या दिवशी मी एकटी दवाखान्यात गेले. सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं, ग्लुकोमीटर हातात घेऊन बटण दाबून पाहिलं. दोन्ही पंप गेले होते. वर्षभराने नक्की या, म्हणाल्या, मी स्वतः लक्ष घालीन. घरी येऊन मी तेच ताईला सांगितलं. "बघू," ती म्हणाली. त्या रविवारी तिने एप्रनचे खिसे उसवले. आत हात घातला की धागे बोटाला लागतात, म्हणाली.

वही ती आता मला दाखवत नाही. मीही मागत नाही. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी होती, तेव्हा ती कामावरून परस्पर एकटीच जाऊन आली. आदल्या वेळी ८.१ टक्के होते, डॉक्टरांना सातच्या आसपास हवे होते. रिपोर्ट तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडाच ठेवला होता.

८.९ टक्के.